झाकलेलं ताट

बसच्या दुसऱ्या फेरीला माझा धाकटा भाऊ रांगेत मागे गेलेला दिसला. आधी वाटलं, माझीच नजर चुकली. बस चालवताना फुटपाथवरची माणसं ओळखायची ती खांद्यांवरून आणि चालीवरून, तोंडं बघायला वेळ कुणाला असतो. पण ती हिरवी टोपी मीच आणलेली, रंग मीच निवडलेला आणि त्यावरून घरात माझी भरपूर टिंगल झालेली, त्यामुळे चुकायची सोय नव्हती. पहिल्या फेरीला ती टोपी लाँड्रीच्या लोखंडी दारापासून फार लांब नव्हती, विजेच्या खांबाच्या अलीकडे होती. आता ती खांबाच्या बरीच पलीकडे, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या पायऱ्यांपाशी होती. रांग पुढे सरकते असा माझा आजवरचा समज. सिग्नल लाल होता. ब्रेकवर पाय दाबून मी बघत राहिले. याला कुणी मागे ढकललं? की हा आपल्या पायांनी मागे गेला? मागून हॉर्न वाजला तेव्हा कळलं की हिरवा दिवा केव्हाच लागलाय.

आमचा मार्ग गोल आहे. लाँड्री, मंडई, पूल, हॉस्पिटल, भत्त्याचं ऑफिस, शाळा, की परत लाँड्री. नवीन ड्रायव्हरांना या मार्गावर गरगरतं. मला बरं वाटतं, कुठेही गेलं तरी पुन्हा तिथेच येणार म्हणून. पण आज त्या गोलाचाच राग आला. आता पूर्ण चक्कर मारल्याशिवाय मला ती रांग दिसणार नव्हती. ही लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. शहरातल्या सगळ्या हॉस्पिटलांच्या चादरी तिथे येतात, मोठाल्या पिंपांत उकळतात, आणि रस्त्याच्या कडेच्या जाळीतून साबणाची गरम वाफ दिवसभर बाहेर पडत असते. तिथे माणसं घेणार असल्याचं धाकट्याला आठवड्यापूर्वीच कळलं होतं. उभ्या उभ्या, आल्या क्रमाने, जागा भरेपर्यंत. म्हणून तो पहाटेच घरातून निघाला होता. निघताना आरशासमोर उभा राहून शर्टाची कॉलर तीनतीनदा नीट करत होता, आणि मी चहा पीत म्हणाले होते, "अरे, चादरी धुवायला चाललायस, चादरीशी लग्न करायला नाही." तो हसला. तो नेहमी हसतो, तोच तर त्याचा दोष.

त्याचा भत्ता मागच्या महिन्यात संपला. बेकारांना सरकार देतं तो भत्ता, ठरलेल्या मुदतीपर्यंत. मुदत संपली की संपला, मग तुम्ही काम शोधताय की नाही हे विचारायलाही कुणी येत नाही. ज्या दिवशी तो बंद झाला त्या संध्याकाळी धाकट्याने एवढंच म्हटलं, "महिन्याभरात काही झालं नाही तर मी मामाकडे जातो." मामाचं टायरचं दुकान दिवसभराच्या प्रवासावर, भलत्याच गावात आहे. मामाला दुकानात माणूस हवाच असतो, पण कामापेक्षा बोलायला, किंवा खरं सांगायचं तर ज्याला घालूनपाडून बोलता येईल असं कुणीतरी. आईचं माहेर असल्यामुळे आई गप्प बसली. महिना या रविवारी संपत होता. रविवारी धाकटा बॅग भरणार आणि मग सणावारी येणाऱ्या पाहुण्यासारखा घरात येणार, हे मला दिसत होतं. आणि हा माणूस रांगेत मागे जात होता!

माझ्या केबिनच्या मागच्या सीटवर एक छत्रीवाले काका बसतात. ऊन असो, पाऊस असो, छत्री हातात. निवृत्त आहेत, सरकारने फुकट पास दिलाय, म्हणून गोल गोल फिरतात. कुठे जायचं नसतंच. लाँड्रीपाशी रांग बघून ते पहिल्याच फेरीला म्हणाले होते, "बघा, सरकारचे जावई. भत्ता खाऊन खाऊन अंगात आळस भिनलाय. आमच्या वेळी असं नव्हतं." मी आरशातून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "काका, जावई असते तर पंखा लावून बसवलं असतं. उन्हात उभं केलंय ते." ते हसले आणि म्हणाले, तुमची जीभ तिखट आहे हो मॅडम. आहेच. पण पूल ओलांडताना माझ्याच मनात तेच काकांचं बोलणं फिरायला लागलं आणि मला स्वतःचा राग आला. आळस! मला पहाटे ड्यूटी उठवते. गेले नाही तर मेमो येतो. बाबांना छापखान्याचा भोंगा उठवायचा, उभा जन्म त्यांनी त्या भोंग्याच्या जोरावर काढला. पण धाकट्याला कोण उठवतं? त्याची कुणी वाट बघत नाही, तो गेला नाही तर कुठलंही यंत्र बंद पडत नाही. तरी हा मुलगा गेली कित्येक वर्षं आमच्या सगळ्यांच्या आधी उठतो, दाढी करतो, शर्टाला इस्त्री करतो आणि जिथून "कळवू" याखेरीज काही ऐकू येत नाही अशा ठिकाणी वेळेवर जातो. मला हे एक आठवडा जमलं नसतं. मी तोंडावर पांघरूण घेऊन पडले असते आणि जगाला शिव्या दिल्या असत्या.

आमच्या घरात एक पद्धत आहे. ती कुणी ठरवली नाही, होऊन बसली. कामावरून उशिरा येणाऱ्याचं ताट आई झाकून ठेवते. वाढलेल्या ताटावर दुसरं ताट उपडं, आणि वर एक जड वाटी. लहानपणी आम्ही दोघं त्या झाकलेल्या ताटाभोवती मांजरांसारखे फिरायचो, पण हात लावायची हिंमत नव्हती. ते बाबांचं असायचं. पुढे मी बसवर लागले आणि पहिल्या रात्री घरी आले तर ओट्यावर माझं ताट झाकलेलं. मी ते उघडलं आणि उगाचच रडले. आई म्हणाली, तिखट झालंय का गं? धाकटा बुटांच्या दुकानात लागला तेव्हा त्याचंही ताट झाकलं जायला लागलं. बूट घालून देताना गिऱ्हाईकाच्या पायाशी बसावं लागतं, तर तो म्हणायचा, "ताई, मला आता माणसं तळव्यांवरून ओळखू येतात." मग ते दुकान बंद पडलं, मालकाने शटर ओढलं आणि सगळ्यांना एका ओळीत रस्त्यावर उभं केलं. त्याच संध्याकाळी धाकटा कुठेतरी भटकून उशिरा आला. आईने सवयीने ताट झाकलं होतं. त्याने वरचं ताट काढलं, वाटी जागेवर ठेवली, वाढलेलं परत भांड्यांत काढलं आणि म्हणाला, "आई, हे कामावरून येणाऱ्याचं असतं." तेव्हापासून कितीही उशीर झाला तरी तो स्वतःच भांड्यांतून वाढून घेतो, ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवतो आणि आपली प्लेट धुऊन पालथी घालतो. आईने पुन्हा कधी ते ताट झाकलं नाही. पण रात्री ओटा पुसताना ती जड वाटी एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवत राहते, ते मी बघितलंय.

तिसऱ्या फेरीला तो पुन्हा पुढे आला होता, खांबाच्या अलीकडे. माझ्या जिवात जीव आला. सिग्नल लाल होता आणि माझी खिडकी उघडी होती. मी बघत असतानाच एक मुलगा धावत आला, धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या जागेवर उभा राहिला, आणि धाकटा रांगेतून बाहेर पडून निवांतपणे शेवटाकडे चालायला लागला. माझा तिळपापड झाला. मी खिडकीतून ओरडले, "अरे, कुठे चाललायस? मूर्खा, पुढे हो!" सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. धाकट्याने मान वर केली, मला बघितलं, टोपी थोडी उचलल्यासारखं केलं आणि हसला. बस्स. मग तो पायऱ्यांपाशी जाऊन शेवटी उभा राहिला. छत्रीवाले काका म्हणाले, "ओळखीचा आहे वाटतं?" मी म्हटलं, "नाही." का म्हटलं कोण जाणे. राग आला की माणूस आधी नातं तोडतो, मला तरी तसंच होतं.

पण पुढच्याच स्टॉपवर दोन मुलं चढली, एक उंचाडा आणि एक चष्मेवाला. रांगेतूनच पळत आलेली असावीत, कारण त्यांच्या कपड्यांना साबणाच्या वाफेचा वास येत होता. दोघं केबिनजवळ दांड्याला धरून उभे राहिले. उंचाडा म्हणाला, "सही करून लगेच परत. खुंटा आहे ना उभा." चष्मेवाला म्हणाला, "आणि खुंटा नसता तर? आज सहीचा दिवस आणि आजच लाँड्री. सही चुकली तर भत्ता कापणार, रांग सोडली तर काम जाणार. कुणी ठरवलं हे?" "ज्याला दोन्ही द्यायचं नव्हतं त्याने." दोघं हसले. मी कान टवकारले. त्यांच्या बोलण्यातून सगळं हळूहळू उलगडलं. भत्तेवाल्यांना आज ऑफिसात स्वतः हजर राहून सही करायची होती, आणि रांग सोडता येत नव्हती. तेव्हा हा खुंटा त्यांच्यासाठी उभा राहत होता. ज्याला जायचं असेल त्याच्या जागेवर तो उभा राहतो, लागून उभ्या असलेल्या दोघांची जागाही एकट्याने धरतो. तो माणूस सही करून आला की त्याची जागा त्याला देतो आणि स्वतः शेवटी जातो, म्हणजे मधल्या कुणाचं नुकसान नको, भांडण नको. मग पुढचा जातो. "सकाळी पहिल्यांदा तो भलताच पुढे होता रे," चष्मेवाला म्हणाला. "पहिली जागा त्याने स्वतःचीच दिली. त्या बारक्याचं भत्त्याचं कार्ड घरी राहिलं होतं, ते आणेपर्यंत त्याची जागा गेली म्हणून." "त्याचं काय, तो सकाळीच सही करून आलाय. मोकळा आहे." "मोकळा असला म्हणून कोण करतं? आणि हिरवी टोपी बघितलीस का त्याची? बेडूक दिसतो." पुन्हा हसले. माझे हात स्टीअरिंगवर होते म्हणून बरं झालं, नाहीतर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

खुंटा. माझ्या भावाला ही पोरं खुंटा म्हणत होती, आणि त्यात टिंगल नव्हती. गुरं बांधतात त्या खुंट्यासारखा, रोवला की हलत नाही म्हणून. हॉस्पिटलच्या स्टॉपवर एक बाई पायऱ्या चढायला वेळ लावत होती आणि मी पहिल्यांदाच चिडले नाही. मला बुटांच्या दुकानातला धाकटा आठवत होता, परक्यांच्या पायाशी बसलेला. लहानपणी नळावर पाण्याची रांग लागायची, तिथेही हाच उभा असायचा, शेजारच्या म्हातारीची बादली आपल्या बादलीच्या पुढे सरकवत. आई ओरडायची, तुझ्यामुळे एक दिवस आपण तहानेने मरू. मी त्याला मुखदुर्बळ म्हणायचे, बुळा म्हणायचे. आणि तो सकाळी सही करून आलाय, हे धडधडीत खोटं होतं. त्याला सहीच नव्हती. सहीला लागणारा भत्ताच त्याच्यापाशी उरला नव्हता. त्या सगळ्या रांगेत सर्वांत जास्त गरज त्याला होती, आणि हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. मला त्याचा इतका अभिमान वाटला की रडू आलं, आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. दोन्ही एकदम वाटतं ते घरच्याच माणसाबद्दल.

दुपार कलायला लागली तशी रांग रोडावली. उंचाडा आणि चष्मेवाला परत आले, आपापल्या जागेवर उभे राहिले, एकेक करून आत गेले. चौथ्या की पाचव्या फेरीला, मला आता धड आठवत नाही, धाकटा दारापासून अगदी थोडक्या माणसांमागे उभा होता. स्टॉपवर चढलेल्या एका मुलाला मी सरळ विचारलं, "झालं का तुमचं? संपली का उभं राहण्याची भानगड?" तो म्हणाला, "शेवटचा गोल्या राहिलाय. तो अजून ऑफिसातच अडकलाय. खुंटा त्याच्या जागेवर आहे. दार बंद व्हायच्या आत गोल्या आला नाही तर खुंटाच आत जाणार, तसं ठरलंच आहे." ठरलंच आहे. मी गिअर टाकला आणि मनात म्हटलं, हे बरं ठरलं.

भत्त्याच्या ऑफिसच्या स्टॉपवर माणसं उतरली, चढली. मी दार बंद केलं आणि डावीकडच्या आरशात बघितलं. ऑफिसच्या पायऱ्यांवरून एक गोलमटोल मुलगा धावत येत होता, शर्ट बाहेर आलेला, एक हात वर. गोल्या दुसरा कोण असणार? आता माझा एक नियम आहे आणि डेपोत तो सगळ्यांना ठाऊक आहे. दार बंद झालं की धावणाऱ्यासाठी मी थांबत नाही. एकासाठी थांबलं की पुढच्या स्टॉपवर वेळेत येऊन उभ्या राहिलेल्यांना शिक्षा. मी बस थोडी पुढे घेतलीही. काहीच करायचं नव्हतं, रोज करते तेच करायचं होतं. पुढची बस यायच्या आत दार बंद होईल, धाकटा आत जाईल, रविवारी बॅग भरायची नाही. कुणी मला बोल लावू शकलं नसतं. आरशातला मुलगा लहान होत गेला, त्याचा हात अजून वरच होता. आणि मला रात्रीचा ओटा दिसला. धाकटा ताटावरचं ताट उचलतोय आणि सहज विचारतोय, ताई, गोल्या तुझ्या बसला नव्हता का गं? त्याला माझ्या फेऱ्यांची वेळ पाठ आहे. मी खोटं बोलले असते, तर त्याने विश्वास ठेवला असता, तो कुणावरही ठेवतो. आणि मग ते ताट त्याने कुणाच्या जिवावर उघडलं, हे जन्मभर फक्त मला माहीत असलं असतं. मी ब्रेक मारला. इतका जोरात की काकांची छत्री पडली.

"मॅडम, ही बस आहे की टॅक्सी?" काका म्हणाले.

"बस आहे, काका. टॅक्सी असती तर गेले असते."

गोल्या धापा टाकत चढला. चेहरा लालबुंद झाला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मी ते बाहीला पुसत होते. शाळेपाशी त्याला दम सापडला. "ताई, देवासारख्या थांबलात. तिकडे आमचा एक दोस्त माझ्या जागेवर उभा आहे. त्याचं बरंय, सकाळीच सही करून..."

"त्याने सही केलेली नाही," मी म्हणाले. केबिनवर पाटी आहे, ड्रायव्हरशी बोलू नये. ड्रायव्हरने बोलू नये असं कुठे लिहिलेलं नाही. "त्याचा भत्ता संपला मागच्या महिन्यात. आज नाही झालं तर रविवारी तो शहर सोडून चाललाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी त्याची बहीण आहे."

तो दांड्याला धरून रस्त्याकडे बघत राहिला. मला लगेच पस्तावा झाला. धाकट्याने दिवसभर जे झाकलं ते मी एका वाक्यात उघडं केलं होतं, आणि एका बिचाऱ्या पोराच्या डोक्यावर ओझं ठेवलं होतं, ज्याचा यात काडीचा दोष नव्हता. लाँड्रीचा स्टॉप आला. गोल्या उतरून धावला. सिग्नलपाशी मी बघितलं, धाकट्याने त्याला लांबूनच हात केला, चल चल, लवकर. आता त्याच्या पुढे कुणीच उरलं नव्हतं, दार त्याच्या हाताच्या अंतरावर होतं. गोल्या पोचला तसा तो बाजूला झाला, गोल्याचा शर्ट नीट आत खोचला, पाठीवर थाप मारली आणि शेवटाकडे चालायला लागला. जसा पहिल्या वेळी गेला असेल तसाच. दिवा हिरवा झाला आणि मला जावं लागलं.

ती फेरी मी कशी मारली ते मला माहीत नाही. मंडईत कांद्याच्या गोण्या रस्त्यावर आल्या होत्या, पुलावर वारा होता, एवढंच आठवतं. मी मनातल्या मनात आईला सांगून बघत होते, मामा काही इतका वाईट नाही गं, दुकान मोठं आहे. वाक्य पुरं होत नव्हतं. परत आले तेव्हा लोखंडी दार बंद होतं. फुटपाथ मोकळा होता, जाळीतून वाफ येत होती. हिरवी टोपी कुठेच नव्हती. स्टॉपवर एकटा गोल्या उभा होता. मी दार उघडलं, तो चढला नाही, पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला.

"घेतलं तुला?" मी विचारलं.

"मला नाही." तो हसला, आणि ते हसू मला ओळखीचं वाटलं, दिवसभर त्याच्याजवळ उभं राहून लागलेलं असावं. "दारवाला म्हणाला, आता एकच. मी म्हटलं, मग तो शेवटचा, टोपीवाला, आणि तुम्ही सांगितलेलं सगळ्या रांगेला सांगून टाकलं. खुंटा ऐकेचना, म्हणाला नियम म्हणजे नियम. मग रांगेतल्या एकेकाने त्याला धरून पुढे ढकलला, हातोहात. आत ढकलून दार आम्हीच बाहेरून ओढून घेतलं. महिनाभराचंच काम आहे म्हणे, पण आजपासूनच." तो जरा थांबला. "माझा भत्ता आहे अजून, ताई. माझं चालेल."

माझी जीभ तिखट आहे म्हणतात, ती टाळ्याला चिकटून बसली.

"निरोप दिलाय त्याने, दाराच्या फटीतून," गोल्या म्हणाला. "म्हणाला, ताईला सांग, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, घरी आल्यावर बघतो. आणि आईला म्हणावं, मला यायला उशीर होईल. माझं ताट झाकून ठेव."

दिवा हिरवा झालेला होता, पण समोरचा रस्ता मला दिसेना. मागून हॉर्न सुरू झाले, एकामागून एक.

"वाजवू दे त्यांना," छत्रीवाले काका म्हणाले.